सायलेंट ऑब्झर्व्हर: कोल्हापूरनं सोनोग्राफी मशीनवर पहारा बसवला त्याची गोष्ट

कोल्हापूरबद्दल बाहेरच्याला सांगायचं म्हटलं की आपली गाडी शाहू महाराजांपासूनच सुटते, आणि सुटायलाच पाहिजे. १९०२ ला ५० टक्के आरक्षण, १९१७ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम, त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाचा कायदा, दसरा चौकातली बोर्डिंगं. मग तालमी, गोकुळचं दूध, साखर कारखाने, उद्यमनगर, शिरोलीच्या फाउंड्र्या. एवढं सगळं असलेल्या या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत ० ते ६ वयाच्या १००० मुलांमागे मुली किती निघाल्या तर ८३९. राज्याचा आकडा तेव्हा ९१३ होता.

आता निसर्गात पण मुलं थोडी जास्तच जन्मतात, १००० मुलांमागे साधारण ९५० मुली, ते जगात सगळीकडे असंच असतं. म्हणजे ८३९ आणि ९५० मधला जो फरक आहे, दर हजारी शंभराच्या वर, तो निसर्गाचा नाही, तो आपला आहे. थोडा भाग जन्मल्यावर मुलीच्या दुखण्याखुपण्याकडे कानाडोळा केल्यामुळं असेल, पण मोठा भाग जन्माच्या आधीचा, सोनोग्राफीत मुलगी दिसली की गर्भ पाडण्याचा.

या आकड्यावर कोल्हापूरनं पुढं जे केलं, म्हणजे सोनोग्राफी मशीनवरच पहारा बसवला, ते देशात गाजलं, हायकोर्टात गेलं, टिकलं. मला ते प्रकरण पूर्ण मांडायचंय, कारण याच्याबद्दल दोनच प्रकारचं ऐकायला मिळतं, एक तर "कोल्हापूर पॅटर्न, लय भारी" नाहीतर "काय उपयोग झाला नाही". दोन्ही अर्धवट आहे.

हे गरिबीचं दुखणं नव्हतंच

लोकांना वाटतं हे अडाणीपणातून येतं. २०११ चे आकडे बघा, गडचिरोली ९६१ आणि बीड ८०७. आदिवासी, जंगलातला, रस्ते नाहीत म्हणून आपण ज्याची कीव करतो तो जिल्हा राज्यात वरच्या नंबरला, आणि इकडं ऊस, बागायत, गाडी, बंगला, इंग्लिश मीडियम असलेला कोल्हापूर-सांगली पट्टा खाली. २०११ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात भारताबद्दल एक मोठा अभ्यास आला होता, त्यात पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या वेळेला काय होतं ते बघितलं होतं. १९९० ला अशा घरात १००० मुलांमागे ९०६ मुली, २००५ ला ८३६. आणि ही घसरण शिकलेल्या आयांमध्ये आणि पैसेवाल्या घरात जास्त. याला कारण पण सरळ आहे, मशीन परवडायला पैसा लागतो आणि डॉक्टर गाठायला ओळख लागते.

पहिली मुलगी झाली तर घरात कोण रडत नाही. "पहिली बेटी, धनाची पेटी" म्हणून बर्फी पण वाटतात. खरा खेळ दुसऱ्या वेळेला सुरू होतो, कारण आता दोनच पोरं हवीत. कुटुंब लहान झालं ते चांगलंच झालं पण मुलगा पाहिजे ही अट काही लहान झाली नाही. आजीच्या काळात चार मुलींनंतर पाचवा मुलगा व्हायचा, आता ती वाट बघायला कोण तयार नाही, त्यामुळं सगळा भार दुसऱ्या गरोदरपणावर येतो. त्यात राज्यात २००१ च्या सप्टेंबरपासून दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, २००५ पासून सरकारी नोकरीला पण तसंच. नियम करणाऱ्यांचा हेतू लोकसंख्येचा होता, पण ज्याला सरपंचकी पण पाहिजे आणि मुलगा पण पाहिजे तो काय करणार हे कोणी विचारात घेतलं नसावं.

आणि कायदा नव्हता असं पण नाही. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ ला. त्यानंतर १९९४ ला केंद्राचा कायदा आला, २००३ ला तो कडक केला, त्यालाच आपण पीसीपीएनडीटी म्हणतो. म्हणजे ८३९ हा आकडा कायदा असताना आलेला आकडा आहे.

पहारा कसा बसवला

२००९ च्या आसपास लक्ष्मीकांत देशमुख कोल्हापूरला कलेक्टर होते, लेखक म्हणून पण त्यांना लोक ओळखतात. त्यांनी जे केलं त्याचे दोन भाग होते.

पहिला भाग एफ फॉर्मचा. गरोदर बाईची सोनोग्राफी केली की डॉक्टरनं एक फॉर्म भरायचा असतो, नाव, पत्ता, आधीची मुलं किती, त्यात मुलगे किती मुली किती, कितवा आठवडा, सोनोग्राफी कशासाठी, कोणी पाठवलं. हे फॉर्म पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत कागदावर जमा करायचे असा नियम. आता विचार करा, जिल्ह्यातल्या सगळ्या सेंटरचे गठ्ठेच्या गठ्ठे सरकारी ऑफिसात येऊन पडणार, कोण वाचतंय ते? कपाटात जायचे आणि तिथंच राहायचे. कोल्हापुरात हे ऑनलाईन केलं, सोनोग्राफी झाली की २४ तासात माहिती वेबसाईटवर. दिसायला ही साधी क्लार्ककी आहे पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. माहिती एका जागी आली की दोन मुली असलेल्या, चौदा-पंधरा आठवड्यांच्या बायका एखाद्याच सेंटरला एवढ्या का जातायत हे दिसायला लागतं, आणि नंतर त्यांची बाळंतपणं झाली का हे आशाताईंना, नर्सबाईंना विचारता येतं.

दुसरा भाग म्हणजे ज्याचं नाव झालं तो सायलेंट ऑब्झर्व्हर. सोनोग्राफी मशीनला एक छोटा डबा जोडायचा, स्क्रीनवर जे दिसतं त्याचं रेकॉर्डिंग त्यात होत राहतं, मशीन कधी चालू झालं, किती वेळ चाललं सगळं. विमानातला ब्लॅक बॉक्स डोक्यात आणा, तसंच. डॉक्टरनं एफ फॉर्मवर पाच सोनोग्राफी दाखवल्या आणि डब्यात आठ निघाल्या तर तीन कोणाच्या हा प्रश्न येतो.

कोर्टात काय झालं

रेडिओलॉजिस्ट लोकांना हे अजिबात पटलं नाही. कलेक्टरनी जानेवारी २०११ मध्ये ऑनलाईन फॉर्म आणि हा डबा सक्तीचा करणारं परिपत्रक काढलं आणि त्यांची संघटना मुंबई हायकोर्टात गेली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की कायद्यात असं यंत्र बसवा कुठं लिहिलेलं नाही, कलेक्टरला हा अधिकार नाही, आणि पेशंटच्या पोटाचं चित्रीकरण साठवणं म्हणजे तिच्या खासगीपणावर घाला.

शेवटचा मुद्दा मी तरी हसण्यावारी नेणार नाही. दरवेळी बाईच्या भल्यासाठी म्हणून बाईवरच नजर ठेवायची ही सवय आपल्याकडं जुनी आहे. कोर्टानं त्याचा विचार केला, रेकॉर्डिंग सेंटरवरच राहतंय, बाहेर कुठं पाठवलं जात नाही हे बघितलं, आणि खासगीपणाचा हक्क असला तरी तो अमर्याद नाही, समोर मुलींच्या घटत्या संख्येचा प्रश्न आहे असं म्हणून ऑगस्ट २०११ मध्ये याचिका फेटाळली. परिपत्रक टिकलं. ऑनलाईन एफ फॉर्म पुढं राज्यभर झाला.

डॉक्टरांची बाजू तिथं संपली नाही, आणि ती सगळी खोटी पण नाही. फॉर्ममध्ये एखादा रकाना रिकामा राहिला, सही राहिली, तरी गुन्हा आणि मशीन सील, आणि ज्यानं कधी लिंग सांगितलं नाही तो पण त्याच कलमात. २०१६ ला देशभरात यावर संप झाला होता. पण २०१९ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची याचिका फेटाळताना सांगितलं की फॉर्म अर्धवट ठेवणं ही किरकोळ चूक मानता येणार नाही, कारण गुन्हा पकडायचा तर तेवढाच एक कागद हातात असतो. मला हे पटतं. प्रामाणिक डॉक्टरला त्रास होतो हे खरं पण लिंग सांगणारा डॉक्टर काय पावती देऊन सांगत नसतो, मग पुरावा आणायचा कुठनं?

उपयोग झाला का

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८६३ झाला. म्हणजे ८३९ वरनं २४ नी वर. आणि त्याच दहा वर्षात राज्य ९१३ वरनं ८९४ वर घसरलं. राज्य खाली जाताना जिल्हा वर गेला, त्यामुळं भाषणात, पेपरात "कोल्हापूरनं करून दाखवलं".

इथं जरा थांबूया. जनगणना फेब्रुवारी २०११ ला झाली. त्यात ० ते ६ वयाची जी पोरं मोजली ती जन्मली साधारण २००४ ते २०११ या काळात. डबा बसायला लागला २००९-१० ला, सक्ती तर जानेवारी २०११ ची, आणि तेव्हा पोटात असलेलं बाळ जन्माला यायला आणखी काही महिने. म्हणजे सात वर्षांत जन्मलेल्या या पोरांपैकी फार तर शेवटच्या वर्ष-दीड वर्षाची पोरं या पहाऱ्याखाली जन्मलेली. मग २४ ची वाढ सगळी डब्याच्या खात्यावर कशी टाकणार? कायदा २००३ ला कडक झाला, पेपरातनं बोंबाबोंब झाली, संघटनांनी काम केलं, भीती बसली, त्याचा वाटा यात असणारच. डब्यानं काही केलं नाही असं मी म्हणत नाही, पण त्याचं श्रेय मोजायला २०२१ ची जनगणना लागली असती आणि ती झालीच नाही. आणि ८६३ म्हणजे तरी काय, ९५० च्या पुढं अजून ८७ कमीच की.

डबा काय बघू शकत नाही

मशीनचा डबा स्क्रीन बघतो, डॉक्टरचं तोंड बघत नाही. पोटातल्या बाळाचे हात पाय पाठीचा कणा बघताना लिंग पण डोळ्याखालनं जातंच, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, दोन सेकंदाचं काम. नंतर बाहेर येऊन "पेढे तयार ठेवा" म्हटलं की झालं, रेकॉर्डिंगमध्ये काय सापडणार? दुसरं म्हणजे रेकॉर्डिंग आपणहून बोलत नाही, ते कोणीतरी बसून बघावं लागतं, तासन्‌तास, आणि बघणाऱ्याला सोनोग्राफीतलं कळावं लागतं. सरकारी यंत्रणेत आधीच डॉक्टरांच्या जागा रिकाम्या, हे कोण करणार. म्हणून मी वर म्हटलं की खरं काम फॉर्मचं, डबा जास्त करून धाकाचा.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. डबा नोंद असलेल्या मशीनलाच लागतो. आता मशीन लॅपटॉपएवढं झालंय, गाडीच्या डिकीत मावतं. कोल्हापूरला तर एका बाजूला निपाणी, पुढं बेळगाव, तासाभरात दुसरं राज्य, तिथं आपल्या कलेक्टरचं परिपत्रक चालत नाही. २०१७ च्या मार्चमध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेली १९ अर्भकं सापडली. गर्भपात करताना एक बाई गेली म्हणून तपास सुरू झाला होता, करणारा होमिओपॅथीची डिग्री असलेला डॉक्टर, आणि तपासात सीमेपलीकडच्या कागवाड-विजापूरकडच्या डॉक्टरांना पण अटका झाल्या. म्हणजे बघायचं एका राज्यात आणि पाडायचं दुसऱ्या राज्यात. त्याआधी २०१२ ला बीड जिल्ह्यातल्या परळीचं असंच गर्भपाताचं प्रकरण झालं होतं, तिथं पण बाई मेल्यावरच सगळं बाहेर आलं.

परळीनंतर अजून एक झालं ज्याच्याबद्दल कोण बोलत नाही. गर्भपाताच्या गोळ्यांवर एवढे छापे पडले की मेडिकलवाल्यांनी त्या ठेवायच्याच बंद केल्या. गर्भपात आपल्याकडं १९७१ पासून कायदेशीर आहे, गुन्हा आहे तो लिंग बघून पाडणं. पण "गर्भपात म्हणजे पाप" अशी पोस्टरं लावून आपण दोन्हीची खिचडी केली, आणि जिला खरंच गरज आहे, सात-आठ आठवड्यातच आहे, जेव्हा लिंग कळायचा प्रश्नच नाही, तिची पायपीट सुरू झाली.

घरात ठरतं कसं

या कायद्यात एक चांगलं कलम आहे, तपासणी झाली तर बाईवर जबरदस्ती नवऱ्यानं किंवा नातेवाईकांनी केली असं कोर्टानं गृहीत धरायचं, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे हे घरात ठरतं हे कायद्याला सुद्धा माहितीय. आणि तरी छापा पडला की पेपरात फोटो डॉक्टरचा येतो, एजंटचा येतो, सासऱ्याचा नवऱ्याचा येत नाही. मी डॉक्टरला सोडा म्हणत नाही, पण गिऱ्हाईक असल्याशिवाय दुकान चालतं का?

घरात ते ठरतं जमिनीवरनं, असं माझं मत आहे आणि इथल्या गावांत बसून बोललं की हेच कानावर येतं. वंशाचा दिवा, म्हातारपणाची काठी, पाणी पाजायला कोण, हे सगळं म्हणतात, पण त्याच्या खाली एकर-दीड एकर ऊस असतो. मुलगी सासरी गेली की रान तिकडं जाणार ही भीती. यात गंमत बघा, १९९४ सालीच केंद्रानं लिंगतपासणीवर कायदा केला आणि त्याच साली महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढा हिस्सा दिला, केंद्रानं देशभर तो २००५ ला दिला. कागदावर लय चांगलं. प्रत्यक्षात काय होतं तर वडील गेले की वारस नोंदीला बहिणींची नावं लागतात आणि मग भाऊ त्यांना गाडीतनं रजिस्टर ऑफिसला आणतो, हक्कसोडपत्रावर सही, एक साडी, हॉटेलात जेवण, घरी सोडलं. जी सही देत नाही तिचं माहेर तुटतं. "ताईनं कोर्टात खेचलं" ही गोष्ट गावात दहा वर्ष चघळली जाते, आणि ती ऐकत वाढलेला माणूस स्वतःला दुसऱ्या वेळेला काय पाहिजे ते ठरवतो. हक्क दिला आणि तो वापरला तर बदनामी, यातनं मुलगी घराला अजूनच जड वाटायला लागली. ज्यांना सगळ्यात जास्त मुलीची किंमत कळायला पाहिजे त्या बागायती घरात ती सगळ्यात जास्त "महाग" झाली.

योजना पण आल्या. बेटी बचाओ बेटी पढाओ २०१५ ला सुरू झाली तेव्हा निवडलेल्या जिल्ह्यांत कोल्हापूर होतं, मग माझी कन्या भाग्यश्री, आता २०२३ पासून लेक लाडकी, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार. गरीब घराला त्याचा आधार आहे, चांगलंच आहे. पण लेक लाडकी पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी आहे, आणि आपण वर बघितलं की घसरण पैसेवाल्या घरात जास्त. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तो लाख रुपयासाठी मुलगी ठेवणार आहे का?

बिल आता यायला लागलंय

२००१ ला ० ते ६ वयाची असलेली ती पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत. लग्नाची. त्या पिढीत हजार पोरांमागे ८३९ पोरी. त्यातल्या शिकलेल्या पोरी पुण्याला गेल्या, त्यांना शेतीवाला नको, नोकरीवाला पाहिजे, आणि त्यांचं काय चुकलं, त्यांनी आईला पहाटे चारला उठून धारा काढताना बघितलंय. राहिला कोण तर गोकुळ शिरगावला कंत्राटी कामाला जाणारा, दीड एकराचा धनी, तिशीला टेकलेला. कुठंबी जा, लग्नात, मयताला, डेअरीवर, "कुठं पोरगी हाय का बघण्यात" हाच विषय. हुंड्याचं सोडाच, मुलाकडचेच दोन्हीकडचा खर्च करायला तयार. मग एजंट येतो, लांबच्या जिल्ह्यातली, कर्नाटकातली मुलगी दाखवतो, लाख-दोन लाख घेतो, आणि चार-आठ दिवसात दागिने घेऊन नवरी गायब, अशा बातम्या इकडच्या पेपरात नेहमीच्या झाल्यात. लोक हसतात. पोरगं मात्र वर्षभर गावात तोंड दाखवत नाही, तक्रार द्यायची लाज, कारण पैसे देऊन बायको आणली हे लिहून द्यावं लागतं. आणि ज्या मुली खरंच परक्या भाषेच्या घरात येऊन नांदतात, त्यांचं माहेर दोनशे-तीनशे किलोमीटरवर, भांडण झालं तर जायचं कुठं, याच्यावर तर बातमी पण होत नाही.

सोलापूरला डिसेंबर २०२२ ला मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून नवरदेवांचा मोर्चा कलेक्टर ऑफिसवर गेला होता, लग्नाला मुली मिळवून द्या म्हणून. सगळ्यांनी व्हिडिओ फॉरवर्ड केला. पण त्यांच्या मागण्यांत लिंगतपासणीचा कायदा नीट राबवा ही पण मागणी होती. ते व्हिडिओत कुठं आलं नाही.

आता पुढची जनगणना, लोकांची मोजणी फेब्रुवारी २०२७ ला ठरलीये. तोवर जिल्हा जन्मनोंदणीच्या आकड्यांवर चालतो, आणि त्यात घोळ असा की जन्माची नोंद बाळंतपण जिथं झालं तिथं होते. पन्हाळ्याची, गगनबावड्याची बाई कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा राजारामपुरीतल्या दवाखान्यात बाळंत झाली की बाळ शहराच्या खात्यात. त्यामुळं कोणी "आमच्या तालुक्यात प्रमाण वाढलं" असा बोर्ड लावला तर आधी विचारायचं, आकडा आईच्या पत्त्यावरनं काढलाय का दवाखान्याच्या. आणि जमलं तर दुसरा प्रश्न दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात विचारायचा, गेल्या वर्षी तालुक्यात हक्कसोडपत्रं किती झाली, आणि त्यातली भावांनी बहिणीच्या नावानं किती.